मुंबई–अलिबाग: बोट, रो-रो, रेवसची लाँच, एसटी की गाडी? कसं ठरवायचं

मुंबई आणि अलिबाग ही समुद्राने समोरासमोर आणून ठेवलेली शहरं. मुंबईतल्या भाऊच्या धक्क्यापासून अलिबागकडचं मांडवा बंदर पाण्यातून सुमारे १८ किलोमीटर. रस्त्याने जायचं तर ठाण्याच्या खाडीपलीकडे पनवेल, मग पेण, वडखळ, धरमतरचा पूल असा भलामोठा वळसा. दक्षिण मुंबईपासून धरलं तर शंभर किलोमीटर कुठे गेले नाहीत. त्यामुळे पहिल्यांदा येणारा माणूस साहजिकच म्हणतो, बोटच बरी, तासाभरात पोहोचू.

पण बोटीचा तास हा बोटीचा तास असतो, प्रवासाचा नव्हे. बोरिवलीच्या घरातून निघून नागावच्या घरात पाऊल टाकेपर्यंतचा वेळ मोजायला हवा, आणि तो मोजला की उत्तर माणसागणिक बदलतं. गिरगावकराला जे सोयीचं ते डोंबिवलीकराला अजिबात नाही. जानेवारीत जे सुखाचं ते जुलैमध्ये बंद. म्हणून आम्ही इकडची माणसं पाहुण्यांना "कशाने येताय?" असं आधी विचारत नाही. कधी येताय, परत कधी जाणार, निघणार कुठून, उतरणार कुठे आणि सोबत कोण आहे, हे विचारतो. त्याच क्रमाने पुढे जाऊ.

पायरी पहिली: महिना बघा

गेटवे ते मांडवा ही प्रवासी बोटींची सेवा बारमाही नाही. साधारण मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात ती बंद होते आणि ऑगस्ट संपता संपता किंवा सप्टेंबर लागल्यावर, समुद्र शांत होईल तशी पुन्हा सुरू होते. म्हणजे शाळेच्या सुट्टीचे शेवटचे दिवस, जून, जुलै आणि ऑगस्ट यांसाठी बेत आखत असाल तर हा पर्याय डोक्यातून काढून टाका.

पावसाळ्यात पाण्यावरून जायचे दोन मार्ग उरतात. एक, भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी बोट. ही बोट मोठी आणि वजनदार असल्याने पावसातही चालते, मात्र हवामान बिघडलं की फेऱ्या रद्द होतात. दुसरा, भाऊचा धक्का ते रेवस (हेही अलिबागच्या बाजूचं बंदर) लाँच. ही बंदराच्या आतल्या पाण्यातून जाते म्हणून पावसाळ्यातही सुरू असते, पण तिचंही तेच: वारा वाढला की बंद.

बंदरावर तीन नंबरचा बावटा (वादळी हवेचा इशारा) लागला असेल तर पाण्यावरून जाण्याचा विचार सोडा आणि पनवेलची वाट धरा. "बघू, एखादी बोट सुटेल" असं म्हणत धक्क्यावर ताटकळू नका. किनाऱ्यावरच्या जुन्या घरांतून ही सावधगिरी उगाच शिकवली जात नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यात मोठ्या संख्येने याच पट्ट्यातली माणसं होती. आज बोटी वेगळ्या आहेत, हवामानाचा अंदाज हातातल्या फोनवर मिळतो. समुद्र मात्र तोच आहे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा समुद्रप्रवासाचा उत्तम काळ. मार्चपासून दुपारनंतर वारा चढतो आणि बोट हलायला लागते. ज्यांना बोट लागते त्यांनी उन्हाळ्यात सकाळचीच फेरी धरावी. बोटीच्या मध्यभागी, शक्यतो खालच्या भागात बसावं, मोबाइलमध्ये डोकं घालू नये, दूरच्या किनाऱ्याकडे नजर ठेवावी. अगदी रिकाम्या पोटीही निघू नये आणि तुडुंब जेवूनही नाही. खिशात आवळासुपारी किंवा आल्याची वडी असू द्यावी.

पायरी दुसरी: परतीची वेळ आधी ठरवा

जाण्याचा बेत सगळेच आखतात, पण अडकतात ते परतताना. मांडव्याहून गेटवेकडे जाणाऱ्या बोटी संध्याकाळी थांबतात. साडेसहा-सातनंतर बोट मिळेल असं गृहीत धरू नका. शिवाय अलिबाग शहरातून मांडव्याला जाणारी बस त्या बोटीच्या सुमारे तासभर आधी सुटते, म्हणजे तुमची खरी वेळ त्या बसची. समुद्रावर सूर्यास्त बघून मग निघू असा विचार असेल तर त्या दिवशी बोटीने परतणं जमायचं नाही. मुक्काम तरी करा किंवा रस्त्याने तरी जा.

रविवार संध्याकाळ हा सगळ्यांत कठीण वेळ. बोटीला रांग, रो-रोची गाड्यांची जागा आधीच भरलेली, आणि वडखळ-पेण रस्त्यावर गाड्यांची माळ. शक्य असेल तर रविवारी जेवणाआधी निघा, नाहीतर सरळ सोमवारी पहाटे. जोडून सुट्ट्या, नाताळ ते ३१ डिसेंबर आणि होळीचे दिवस यांना हाच नियम लावा. परतीचं तिकीट जातानाच काढून ठेवा, निदान रो-रोचं तरी.

गणेशोत्सवाचं गणित वेगळं आहे. गणपतीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत अख्खी मुंबई गोवा महामार्गावर उतरते आणि अलिबागला जाणाऱ्यालाही वडखळपर्यंत त्याच गर्दीतून जावं लागतं. तोवर गेटवेच्या बोटी सुरू झालेल्या असतील तर ते दिवस बोटीचे, नसतील तर रो-रोचे.

पायरी तिसरी: मुंबईत कुठून निघता?

इथे बहुतेकांचं गणित चुकतं, म्हणून जरा सावकाश बघू.

कुलाबा, फोर्ट, गिरगाव, ताडदेव, अगदी दादर-माहीमपर्यंत राहत असाल आणि महिना चांगला असेल, तर गेटवेची बोट. घरातून गेटवे अर्धा-पाऊण तास, बोटीच्या आधी वीस मिनिटं, बोटीत पन्नास मिनिटं ते एक तास, पुढे मांडवा ते अलिबाग बसने पाऊण तास. तीन तासांत तुम्ही अलिबागच्या बाजारात असता, आणि वाटेत कुठेही ट्रॅफिकचा जाच नाही.

अंधेरी, बोरिवली, वसईकडच्या लोकांनी आपला वेळ खरोखर मांडून बघावा. बोरिवलीहून चर्चगेट जलद लोकलने तासाच्या आत, तिथून टॅक्सीने गेटवे, थांबणं, बोट, बस. एकूण साडेतीन तास सहज होतात. बोरिवलीहून सुटणारी एसटीही वाहतूक बरी असेल तर त्याच्या आसपासच वेळ घेते, आणि त्यात एकदाच चढायचं, एकदाच उतरायचं. पण "वाहतूक बरी असेल तर" हे चार शब्द फार मोठे आहेत. वेळेवर पोहोचणं गरजेचं असेल तर लोकल आणि बोट. सामान आणि मुलं असतील, घाई नसेल, तर एसटी.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांनी गेटवेच्या वाटेला जाऊच नये. ठाण्याहून पनवेल लोकलने तासाभराच्या आत, आणि पनवेल आगारातून अलिबागची विनाथांबा एसटी. ही विनाथांबा गाडी या मार्गावरची सगळ्यांत भरवशाची गोष्ट. खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत बसायचं, साधारण दोन तासांत अलिबाग. कल्याण-डोंबिवलीच्या लोकांना दिवा–रोहा मेमू रेल्वेगाडीने पेणपर्यंत येण्याचाही मार्ग आहे. पेणहून अलिबाग सुमारे ३० किलोमीटर, एसटी आणि मिनीडोअर (वाटून घेण्याची मोठी रिक्षा) दोन्ही मिळतात. मेमूच्या फेऱ्या मोजक्या असल्याने वेळापत्रक आधी बघा. अलिबागला प्रवासी रेल्वे नाही. पेणहून थळला जो लोहमार्ग जातो तो खत कारखान्याच्या मालगाड्यांसाठी आहे, त्यामुळे नकाशावर रूळ बघून फसू नका.

नवी मुंबईकरांना एक सुंदर वाट आहे जी त्यांच्यापैकी अनेकांना ठाऊकच नसते. जानेवारी २०२४ पासून लोकल थेट उरणपर्यंत जाते. नेरूळ किंवा बेलापूरहून उरण, तिथून रिक्षाने करंजा, करंजाहून तरीने, म्हणजे खाडी ओलांडणाऱ्या होडीने, रेवस, आणि रेवसहून एसटीने अलिबाग. चार वाहनं बदलावी लागतात, पण प्रत्येक टप्पा लहान आणि स्वस्त. तरीत दुचाकीही चढवता येते, आणि त्याचं महत्त्व पुढे येईलच. करंजा–रेवस पुलाची चर्चा अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची. आता काम सुरू झालं आहे, पण पूल होईपर्यंत आधार तरीचाच.

नवी मुंबई विमानतळावर उतरणाऱ्या पाहुण्यांनी मुंबईत शिरण्याचं कारणच नाही. तिथून पनवेल जवळ आणि पनवेलहून अलिबागचा रस्ता सरळ.

पायरी चौथी: अलिबाग म्हणजे नेमकं कुठे?

"अलिबागला जातोय" असं म्हणणारे निम्मे लोक प्रत्यक्षात सासवणे, आवास, किहीम, नागाव, रेवदंडा किंवा थेट काशीदला जात असतात. ही गावं एका किनाऱ्यावर असली तरी एका ठिकाणी नाहीत.

सासवणे, आवास, झिराड, चोंढी, किहीम ही मांडव्याच्या बाजूची गावं. इथे जाणाऱ्याने अलिबाग शहरात जाण्याची गरजच नाही. मांडव्याहून बसने येत असाल तर चढतानाच चालकाला आपलं ठिकाण सांगा आणि गाडी कुठे थांबेल ते विचारून घ्या. किहीमसाठी चोंढी नाका सोयीचा, पुढे रिक्षा. रस्त्याने पनवेलवरून येणाऱ्यांना मात्र हीच गावं लांब पडतात.

नागाव, आक्षी, चौल, रेवदंडा अलिबागच्या दक्षिणेला. बोटीने आलात तरी शहरातून दुसरं वाहन घ्यावं लागतं. शहरातून रेवदंडा-मुरूडकडे एसटी जातात, आणि नागाव-आक्षीपर्यंत रिक्षा-मिनीडोअर चालतात. काशीद किंवा मुरूड गाठायचं असेल तर अलिबागहून पुढे तीस-पन्नास किलोमीटरचा रस्ता अजून शिल्लक आहे हे लक्षात ठेवा. तिकडे जाणाऱ्या कुटुंबाला स्वतःची गाडी सोबत असणं खरोखर उपयोगाचं.

पायरी पाचवी: सोबत कोण आणि काय?

आजी-आजोबा सोबत असतील तर गेटवेच्या दगडी पायऱ्यांचा विचार करा. ओहोटीला पाणी खाली जातं, खालच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात, बोट वरखाली होत असते, आणि कधी कधी एका बोटीतून दुसरीत पाऊल टाकावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाची ही परीक्षा घेऊ नये. रो-रोमध्ये गाडीत बसूनच बोटीवर चढता येतं. फक्त प्रवासात गाड्यांच्या मजल्यावर थांबू देत नाहीत, वर प्रवासी कक्षात जावं लागतं. तेव्हा चालणं अगदीच जमत नसेल तर चढण्याआधी कर्मचाऱ्यांना सांगा.

तान्हं बाळ, कुत्रा-मांजर, सायकली, मासेमारीचे गळ, चार मोठ्या बॅगा असं काहीही असलं तरी रो-रोच.

दुचाकीवाल्यांनी एक पक्कं ध्यानात ठेवावं: अटल सेतूवर दुचाकीला परवानगी नाही. शिवडीपर्यंत जाऊन परत फिरणारे दिसतात म्हणून मुद्दाम लिहितो. तुमच्यासाठी तीन मार्ग: वाशी-पनवेलवरून महामार्ग, रो-रो, किंवा करंजाची तर.

गेटवेची बोट: प्रत्यक्षात कसं जायचं

चर्चगेट किंवा सीएसएमटीहून बेस्ट किंवा टॅक्सी. स्वतःची गाडी नेऊ नका, तिथे ती दिवसभर ठेवायला जागा मिळत नाही. गेटवेच्या आवारात शिरताना तपासणी होते, शनिवारी सकाळी त्यालाच पंधरा मिनिटं जातात.

मांडव्याला जाणाऱ्या एकाहून अधिक कंपन्या आहेत आणि त्यांच्या खिडक्या वेगवेगळ्या. तिकीट काढण्याआधी दोन प्रश्न विचारा: पुढची बोट किती वाजता, आणि अलिबागपर्यंतची बस तिकिटात धरलेली आहे का. बहुतेक मोठ्या बोटींच्या तिकिटात ती असते. म्हणूनच उतरल्यावर तिकीट फेकू नका, बसमध्ये चढताना ते दाखवावं लागतं. मांडव्याची जेट्टी लांब आहे. उतरल्यावर रमतगमत चाललात, फोटो काढत बसलात, तर बस भरून जाते आणि पुढची थेट पुढच्या बोटीची. आधी बस पकडा.

स्पीडबोटीही मिळतात, अर्ध्या तासाच्या आत पोहोचवतात. पाच-सहा जण मिळून भाडं वाटून घेणार असतील तर ठीक. मात्र कंबरदुखी असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलं सोबत असलेल्यांनी त्यांच्या वाटेला जाऊ नये. लाटेवर आपटतात तेव्हा हादरा थेट मणक्याला बसतो.

लाइफ जॅकेट कुठे आहे ते बसल्याबरोबर बघा, मागा आणि घाला. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ एका प्रवासी बोटीला अपघात झाला. मदत वेळेत पोहोचली म्हणून ८८ प्रवासी वाचले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली, तेव्हा इतकी नशिबाची साथ नव्हती. दहाहून अधिक माणसं दगावली. उकाडा होतो, फोटो चांगला येत नाही, ही कारणं पुरेशी नाहीत. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढताना दिसली तर उतरा आणि पुढची घ्या. तिकिटाचे दोन-तीनशे रुपये गेले तरी चालतील.

रो-रो

१५ मार्च २०२० पासून सुरू असलेली ही सेवा. भाऊच्या धक्क्यावरून सुटते. हार्बर मार्गावरचं डॉकयार्ड रोड स्टेशन त्यातल्या त्यात जवळ, पुढे टॅक्सी. या भागात रिक्षा नाहीत, हे उपनगरवाले विसरतात. समुद्रातला वेळ साधारण तासाभराचा.

गाडी न्यायची असेल तर ऑनलाइन बुकिंग करूनच निघा. शनिवार-रविवारच्या सकाळच्या फेऱ्या बऱ्याच आधी भरतात. बुकिंग असलं तरी किमान पाऊण तास आधी पोहोचा, कारण धक्क्याच्या तोंडाशी मासळीच्या गाड्यांची वर्दळ असते, विशेषतः पहाटे. मोटारीचं भाडं आकारमानाप्रमाणे बदलतं, एका वेळचे हजाराच्या वर धरून चला, आणि प्रत्येक माणसाचं तिकीट वेगळं. चालकाचं तिकीट गाडीत धरलेलं आहे का ते बुकिंग करताना वाचून घ्या. गाडी चढवल्यावर हँडब्रेक लावा, पाण्याची बाटली, पैसे आणि औषधं सोबत घेऊनच वर जा. मध्येच खाली येता येत नाही.

गाडीशिवाय, पायी जाणाऱ्यालाही रो-रोने जाता येतं, पावसाळ्यात तर जावंच लागतं. तेव्हा मांडव्याहून पुढच्या वाहनाची चौकशी तिकीट काढतानाच करा. संध्याकाळी उशिरा उतरलात तर मांडव्याला रिक्षा मिळतेच असं नाही.

रेवसची लाँच, आणि भरती-ओहोटीचं गणित

ही आमची खरी जुनी वाट. भाऊचा धक्का ते रेवस, दीड तासाच्या आसपास, तिकीट सगळ्यांत कमी. सोबतीला नोकरदार, टोपल्या घेतलेल्या कोळिणी, कोर्टाची तारीख असलेली माणसं. रेवसहून अलिबागला एसटी तासभर घेते. घाई नसेल आणि खाडीकाठचा हा मुलूख नीट बघायचा असेल तर एकदा तरी या वाटेने या.

अडचण एकच: गाळ. रेवसच्या बंदरात गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही. मग फेऱ्या पुढेमागे होतात. यावर उपाय पंचांगात आहे. तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि त्यापुढे सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. पाऊण-एक तास इकडेतिकडे होतो.

अमावास्या आणि पौर्णिमेला दुपारी बाराच्या आसपास भरती असते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, आणि ती उधाणाची असल्याने पाणी खूप मागे जातं. त्या दोन-तीन दिवसांत पहाटेच्या आणि संध्याकाळच्या लाँचवर विसंबू नका. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं चढत नाही आणि फारसं उतरतही नाही, त्यामुळे लाँचला त्रास कमी.

हेच गणित कुलाबा किल्ल्याला कामी येतं. अलिबागच्या समुद्रातल्या या किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. सकाळच्या बोटीने येऊन दुपारी किल्ला बघायचा असेल तर ओहोटी अकरा ते एकच्या दरम्यान येईल अशी तिथी निवडा, म्हणजे सप्तमी ते नवमीच्या आसपास. भांगामुळे पाणी तेव्हा पूर्ण हटत नाही, थोडं पाण्यातून चालावं लागेल किंवा घोडागाडी करावी लागेल. पाणी चढायला लागलं की किल्ल्यात रेंगाळू नका, किनाऱ्यावरचे लोक सांगतील ती वेळ पाळा.

रस्ता

स्वतःच्या गाडीने निघालात तर शिवडीवरून अटल सेतू आणि वाशीवरून पनवेल असे दोन रस्ते. अटल सेतू जवळजवळ २२ किलोमीटरचा, मोटारीला एकेरी २५० आणि परतीसह ३७५ रुपये टोल. दक्षिण आणि मध्य मुंबईतून निघणाऱ्याचा वेळ तो नक्की वाचवतो. मात्र सेतूवर वाचवलेली मिनिटं पुढे पेण-वडखळला खर्च होतात, हे धरून चला. चिर्ल्याला उतरून पळस्प्याच्या बाजूने गोवा महामार्गाला लागायचं, कर्नाळ्याची खिंड, खारपाडा, पेण, आणि वडखळहून अलिबागकडे वळायचं.

वडखळ ते अलिबाग हा शेवटचा टप्पा अंतराने लहान पण तापदायक. कारखान्यांचे ट्रेलर, अरुंद रस्ता, आणि पावसात खड्डे. पुढे कार्लेखिंडीचं वळण. अंधारात आणि पावसात हा भाग टाळता आला तर टाळा. मुंबईतून सकाळी सहाच्या आत निघालात तर अडीच तासांत येता. नऊला निघालात तर किती लागतील ते सांगता येत नाही.

रस्त्याने येण्याचा एक फायदा मात्र बोटीला नाही. फेब्रुवारी ते मे या काळात कार्ले, खंडाळे परिसरात रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. २०२२ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा अलिबागचा कांदा गोडसर आणि औषधी म्हणून वर्षभर जपून वापरला जातो. शेतकऱ्याच्या हातून तिथेच घ्या.

एसटीत महिलांना निम्मं तिकीट, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास. ओळखपत्र मूळ किंवा सरकारी ॲपमधलं हवं. कुटुंबात स्त्रिया आणि वयस्कर माणसं जास्त असतील तर एसटीच्या खर्चाशी बाकी कुठलाच पर्याय बरोबरी करू शकत नाही.

काही नेहमीचे प्रसंग

गिरगावातलं जोडपं, जानेवारी, किहीमला एक मुक्काम, पाठीवर एकेक पिशवी: गेटवेची सकाळची बोट, बसने चोंढी, तिथून रिक्षा. परतताना दुपारची बोट.

डोंबिवलीचं पाच जणांचं कुटुंब, आजीसह, जुलैमध्ये नागावला: गाडी असेल तर शनिवारी पहाटे रस्त्याने. नसेल तर पनवेल आणि विनाथांबा एसटी. रो-रोसाठी भाऊच्या धक्क्यापर्यंत उलटं जाण्यात अर्थ नाही.

दादरचं कुटुंब, डिसेंबर, स्वतःच्या गाडीने काशीदला तीन दिवस: जाताना शनिवारी सकाळची रो-रो, परतताना मंगळवारी सकाळी रस्त्याने अटल सेतूवरून. दोन्ही वेळा रो-रोचं भाडं भरण्याची गरज नाही, आणि मुलांना बोटही मिळते.

शेवटचा प्रसंग सहलीचा नाही, पण इकडच्या घरांना तोच सगळ्यांत जास्त लागतो. रेवदंड्याहून परळला केईएम किंवा टाटा रुग्णालयात पेशंट न्यायचा आहे. पेशंट चालता नसेल तर गाडीने अटल सेतूवरून जा. सेतू शिवडीला उतरतो आणि तिथून परळची दोन्ही रुग्णालयं जवळ. सकाळच्या ओपीडीचा नंबर लागायला हवा असेल तर रेवदंड्याहून पहाटे चारच्या सुमारास निघा. चालता पेशंट आणि चांगला महिना असेल तर सकाळची रो-रो आणि धक्क्यावरून टॅक्सी. जे. जे. रुग्णालयात जायचं असेल तर भाऊचा धक्का आणखी जवळ, तिथे रेवसची लाँचही चालेल. फाइल, जुने रिपोर्ट आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. बोटीचं परतीचं तिकीट मात्र काढू नका, तपासण्या किती लांबतील ते डॉक्टरांनाही आधी सांगता येत नाही. संध्याकाळ झाली तर शिवडीहून हार्बरची पनवेल लोकल धरा आणि पुढे एसटी. अलिबागला जाणारी शेवटची गाडी किती वाजता सुटते ते सकाळीच पनवेल आगारात विचारून कागदावर लिहून ठेवा. रेवदंड्यापर्यंतची पुढची एसटी रात्री मिळणार नाही, म्हणून अलिबागच्या स्टँडवर घरातल्या कुणाला तरी गाडी घेऊन यायला सांगून ठेवा.